खरबुजाचा शालू

"आधी माझ्या पोटात, मग पाव्हन्याच्या," असं म्हणत मावशी पदराला हात पुसायच्या आणि पातेल्यातलं चमचाभर तळहातावर घ्यायच्या. हेंद्रेपाड्यात माझं केटरिंगचं किचन सुरू झालं तेव्हापासून त्या माझ्याकडे होत्या. जवळच्या खरवई गावाहून चालत यायच्या. मीठ कमी निघालं की आचाऱ्याची खैर नसे. अशी एखादी बाई तुम्हीही लग्नाच्या हॉलमागे पाहिली असेल, आणि विसरलाही असाल.

उल्हासनगरातल्या एका साखरपुड्याची ऑर्डर मिळाली. माझी तोवरची सगळ्यात मोठी. नवरी इटलीत शिकून आलेली. तिला सुरुवातीला खरबूज आणि हॅम हवं होतं. गॅस पेटवायचाच नाही. खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांसाचा कागदासारखा पातळ काप खरबुजाच्या फोडीभोवती गुंडाळायचा, वर पुदिन्याचं पान, टूथपिक टोचली की झालं.

"म्हंजे खरबुजाला शालू नेसवायचा," मावशी म्हणाल्या. "पन इस्तव न लावता? त्याचा भरवसा काय, बाला?"

"मिठात मुरलेलं असतं मावशी. तुमच्या खाऱ्या माशासारखं."

"खारा मासा बी नाक लावूनच घेतात."

साखरपुड्याच्या सकाळी मी मुंबईहून हॅम घेऊन निघालो आणि अंबरनाथला टेम्पो बंद पडला. बर्फाच्या पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं. तीन तास मी गॅरेजसमोर मेकॅनिकशी हुज्जत घालत होतो आणि पेटी उन्हात. उघडली तर आत कोमट पाणी. मी ते गटारात ओतलं, नवा बर्फ भरला आणि गप्प बसलो. दुसरं हॅम आणायला वेळ नव्हता. खोटं कशाला बोलू, पाहुण्यांच्या पोटाचा विचारच मनात आला नाही. ऑर्डर हातची जाईल, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी हॉलच्या मागे मावशींनी पाकीट फोडलं. पहिला काप नाकाशी नेला आणि थांबल्या.

"पेटी उन्हात राहिली का रं?"

"छे हो!"

"नक्की?"

"मावशी, पाहुणे आलेत. मांडा ना पटापट."

त्या डुकराचं खात नसत. त्यांच्या घरात कुणीच खात नसे. "हे तरी चाखू नका," मी घाईघाईनं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुसलेल्याच प्लेटा पुन्हा पुसत राहिलो. त्यांनी काप तोंडात घातला, चावला आणि गिळला.

"टाक सगलं," म्हणाल्या आणि सगळी पाकिटं स्वतःच कचऱ्याच्या पिशवीत कोंबली. मग फोडींवर लिंबू पिळलं, काळं मीठ आणि मिरपूड भुरभुरली, पुदिना टोचला. नवरी जरा हिरमुसली, पण पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं. ऑर्डर निभावली.

दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यात सलाइनवर होत्या.

घरी आल्यावर भेटायला गेलो. ओटीवर बसल्या होत्या, पार अर्ध्या झालेल्या. मी सगळं कबूल केलं: झाकण, ऊन, गटारात ओतलेलं पाणी. लाज सोडून रडलो. त्यांनी मला चहा पाजला. कामावर मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि या म्हणायची माझी छाती झाली नाही. आता प्रत्येक पातेलं मी चाखतो, आणि दर वेळी त्या ओटीवरचं बोलणं आठवतं.

"मना वासानंच समजलं होतं," त्या म्हणाल्या होत्या.

"मग खाल्लंत कशाला?"

"घास तोंडाशी नेला, तवा तरी तू बोलशील असं वाटलं."