शेठच्या डोळ्यातली मिरची

थंडीने बोटं वळत नव्हती, तरी रेवाबाई उजाडताच मिरचीचे देठ खुडायला बसली. रोज शेजारी बसणारी नणंद आज नव्हती. खर्च परवडत नाही, एकटी रेवाबाई पुरे, असं म्हणून सुमेरमल शेठने काल तिच्यासकट चौघींना घरी बसवलं होतं. दुपारपर्यंत जेमतेम एक पोतं भरलं. शेठची तिखट दळायची चक्की रिकामी पडून राहिली. शेवटी शेठ स्वतःच खुडायला बसले, आणि दुपारच्या उन्हात घाम पुसताना मिरचीचाच हात डोळ्याला लावला.

"रेवाबाई, पानी दे व."

"मी उठनी तं मिरची कोन खुडी? काल तुम्हीच सांगं ना, एकली पुरे शे."

"बलाव त्या चौघीसले," शेठ शिंकत म्हणाले, "पन पहिले पानी दे."

पाणी देऊन रेवाबाईने नणंदेला फोन लावला, मग पुन्हा देठ खुडू लागली.