पत्रिका उघडू नका

दहिवलीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माणसं फुटलेली स्क्रीन घेऊन येतात आणि ती बदलून होईपर्यंत स्टुलावर बसून सगळं सांगत राहतात. फोन घरी नेतात, किस्सा माझ्याकडे ठेवून जातात. इतके साठलेत की आता हसूही येईनासं झालंय. त्यात भिवपुरीकडच्या आमच्या गावाच्या ग्रुपचा ॲडमिनही मीच, म्हणजे डोकेदुखी चोवीस तासांची!

*

सुरुवात गोपीनाथकाकांपासूनच करायला हवी. भातशेती, दोन म्हशी आणि फॉरवर्ड, एवढाच त्यांचा दिनक्रम. एकदा भर दुपारी घामाघूम होऊन दुकानात आले. 'हा मेसेज वीस जणांना पाठवा, नाहीतर तुमचं अकाउंट बंद पडेल,' अशी धमकी आली होती.

"काका, खोटं आहे हे. पाठवू नका."

"ते ऱ्हाऊ दे रं. सतरा जनांना धाडलं. तीन मानसं कमी पडतात. तुझ्या गिऱ्हाइकांचं नंबर दे!"

*

मग मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला. कुठल्या तरी लांबच्या गावातला जुना व्हिडिओ आणि खाली लिहिलेलं, 'कर्जत-खालापुरात फिरतायत, सावध राहा.' खोटं आहे, असं मी ग्रुपवर तीनदा लिहिलं. काका म्हणाले, "खोटं असलं तरी सांगून ठेवल्यालं बरं!"

दुसऱ्याच दिवशी गावाच्या वेशीवर चादरी विकणाऱ्या माणसाला घेरलं. दहा वर्षं गावात येणारा माणूस! मी पोचलो तेव्हा त्याचं गाठोडं चिखलात पडलं होतं आणि तो सगळ्यांसमोर हात जोडून उभा होता. कसाबसा सोडवला. तो पुन्हा कधी आला नाही.

ज्यांनी घेरलं, त्यांतल्या चौघांच्या घरात त्याच्याच चादरी अंथरलेल्या होत्या.

*

काकांच्या बायकोच्या, म्हणजे सुशीलाकाकूंच्या फोनमध्ये एकदा नऊ फालतू ॲप्स निघाली. कॅमेरा, मेसेज, सगळ्यांचे नंबर, मागेल त्याला परवानगी दिलेली. फोन इतका तापलेला की हातात धरवत नव्हता.

"काकू, प्रत्येक वेळी 'हो' का दाबलंत?"

"आरं, कुनी येवढं इचारतंय, तर त्याला नाय कसं म्हनायचं?"

मी ॲप्स काढत बसलो. पुढच्या महिन्यात अकरा निघाली.

*

आणि मग ती पत्रिका आली.

गोपीनाथकाकांच्या फोनवर 'लग्नपत्रिका' नावाची फाईल आली. त्यांनी उघडली. आत पत्रिका नव्हतीच, भलतंच ॲप होतं. ते फोनमध्ये शिरलं आणि काकांच्या नावाने तीच फाईल सगळ्या नंबरांवर आपोआप जायला लागली, 'सहकुटुंब यायचं हं' असं लिहून. आमच्याकडे आलेली पत्रिका न उघडणं म्हणजे बोलावणाऱ्याचा अपमान. झालं, सगळ्या गावाने उघडली! दोन दिवस दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी नामदेवकाका आले. गोपीनाथकाकांचे हे धाकटे भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद. नामदेवकाका गाव सोडून खोपोलीला, शिळफाट्याजवळ राहायला गेलेले. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"महेश, दादानं बोलावलं रं! माझा नंबर अजून ठेवलाय त्यानं. पन फाईल उघडत नाय. तारीख तेवढी बघून दे."

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. फोन साफ करून दिला आणि बजावलं, "काका, त्यांच्या नंबरवरून पुन्हा पत्रिका आली तर उघडायची नाही. सरळ पुसायची." कशी पुसायची, ते दोनदा करून घेतलं. त्यांनी मन लावून शिकून घेतलं.

*

भाऊ कसा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, ते मी गोपीनाथकाकांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एकही फॉरवर्ड पाठवला नाही.

वैशाखात त्यांच्या मुलीची हळद होती. चुलत्याच्या मानाचा पाट मांडून ठेवला होता. काका सारखे रस्त्याकडे बघत होते. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "नामदेवला पत्रिका धाडली रं. दारात जायचा धीर नाय झाला, म्हनून फोनवर धाडली. त्यानं उघडून बघितली पन नाय."

हळद लागली, जेवणं उठली, तरी पाट तसाच होता. मीही नामदेवकाकांना मनात शिव्या घातल्या. एवढा कसला राग!

आठ दिवसांनी नामदेवकाका चार्जर घ्यायला दुकानात आले. खुशीत होते. स्टुलावर बसले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"महेश, तुझं ऐकलं बघ! दादाच्या नंबरवरनं ती पत्रिका परत आलती. पन या टायमाला फसलो नाय. न उघडताच पुसून टाकली!"