बिनआवाजाची आई

आईच्या वर्षश्राद्धाला मी टीव्हीवर तिची फिल्म लावली. माझ्या मोबाइलवरचंच शूटिंग, पण अक्षरांत बदललेलं. प्रोग्रॅम प्रत्येक चित्राचे बारीक चौकोन पाडतो आणि एकेकात अक्षर बसवतो. उजेडाच्या जागी भरगच्च 'क्ष', अंधाराच्या जागी नुसतं टिंब. अक्षरं भराभर बदलतात आणि काळ्या पडद्यावर आई आमच्या कासू गावच्या घराच्या ओटीवर वाल सोलताना दिसते. मान हलते, ओठ हलतात.

गडब गावाहून आलेले काका म्हणाले, "डोकं हाय हो याला, पन्नाशीतपन!"

धाकटी बहीण मागे उभी होती. रोह्याहून आलेली, जेवायलाही थांबणार नव्हती.

"आवाज कुठाय?"

"अक्षरांना आवाज नसतो."

"मग मूळ शूटिंग दे."

"उडालं."

"तुझं कधी काय उडत नाय, दादा. दुसऱ्याचं उडवतोस."

सगळ्यांसमोर म्हणाली. मग मीही सोडलं नाही. "जिवंत होती तेव्हा वर्षभर फिरकली नाहीस. आता आवाज पायजे?"

ती चप्पल घालून निघाली.

शूटिंग उडालं नव्हतं. अक्षरांचा नाद मला आधीपासून होता, पण आईची फिल्म मी अक्षरांत केली ती आवाज जावा म्हणून. त्यात आई मला म्हणते, "तिला सांग, मला रोह्याला घेऊन जा म्हनावं. इथं कोन बोलत नाय माज्याशी."

मी बहिणीला फोनवर सांगितलं होतं, "आई म्हणते, मुलीच्या दारात मरायचं नाय मला." तिला ते खरं वाटलं. तिनं येणं बंद केलं. मुलगा असताना आई लेकीकडे जाऊन राहिली, हे मला भावकीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. दुसरं कारण नाही. शोधून पाहिलं.

गेल्या महिन्यात रोह्याला गेलो आणि तिच्या दारात मोबाइल लावला. तिनं उभ्यानंच ऐकलं. "परत लाव," म्हणाली. परत ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला कशाला ऐकवतोस? ज्यांच्यासमोर मला बोललास, त्यांना ऐकव. त्याच टीव्हीवर. तवर इथं पाय ठेवू नको."

पाणीही विचारलं नाही.

काल काकांना फोन करून रविवारी सगळ्यांना घेऊन या म्हटलं.

"परत ती अक्षरांची गंमत का रे?"

"व्हय," मी म्हणालो. या वेळी आवाजासकट, हे सांगितलं नाही.