दुपट्ट्यांची रांग

वाडीचा दवाखाना बंद करा, असं सांगणारं गणित माझंच होतं. आरोग्य विभागाला पैसे पुरत नव्हते. कोणते दवाखाने ठेवायचे आणि कोणते मिटवायचे, हे ठरवायला त्यांनी मला कंत्राटावर घेतलं होतं. मी अर्थशास्त्र शिकलेली, सक्करदऱ्याच्या घरात लॅपटॉप उघडून बसणारी. प्रत्येक दवाखान्याचा खर्च, येणारे रुग्ण, त्यांच्या घरापासूनचं अंतर, सगळं घालून मी एक मॉडेल बांधलं. कुठल्या खर्चातून लोकांच्या तब्येतीला किती फायदा होतो, त्याचा क्रम ते लावायचं. वाडीचा नंबर शेवटचा आला. दवाखाना सकाळी नऊ ते एक उघडा आणि रुग्ण बोटावर मोजण्याइतके. वाईट वगैरे काही वाटलं नाही मला. उलट गणित सुटल्याचा आनंद झाला, हे कबूल करते.

अहवाल सोमवारी साहेबांपुढे जायचा होता. त्याआधी वाडीच्या सिस्टरचा फोन आला; बातमी तिच्या कानावर गेली होती. तिची निम्मी नोकरी त्याच दवाखान्यात गेली होती.

"कुलूप लावा मॅडम, पण एकदा येऊन तं पाहा," ती म्हणाली. "न पाहता कोणी वांगं बी घेत नाही."

मला रागच आला, पण गेले. अमरावती रोडवर ट्रकांच्या मधून स्कूटी काढत पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. बाकावर दोन म्हाताऱ्या, बाकी सगळा शुकशुकाट. "मी अहवालात हेच लिहिलंय," मी म्हणाले. सिस्टरनं वाद घातला नाही. मला घेऊन ती रस्त्यापलीकडच्या गोदामात गेली.

तिथे एका बुटक्या भिंतीवर ओळीनं खांद्यावरचे दुपट्टे टाकलेले होते आणि त्यांच्यासमोर हमाल बसले होते. सकाळी जो जसा येईल, तसा तो आपला दुपट्टा टाकतो. ट्रक लागला की त्याच क्रमानं माल उतरवायला माणसं उठतात. आपला नंबर आला तेव्हा जो जागेवर नसेल, त्याचा दुपट्टा उचलून शेवटी टाकतात. हा त्यांचा नियम, आणि तो सगळ्यांना सारखा.

दुसऱ्या दुपट्ट्याचा मालक खोकत होता. खोकला सुरू झाला की भिंतीला हात टेकायचा.

"किती दिवस झाले गा, खोकलून राहिला?" सिस्टरनं विचारलं.

"झाले पंधराक दिवस."

"मंग आला काहून नाही?"

"सिस्टर, तुमच्याकडं आलो तं दुपट्टा मांगं जाते. मंग दिवसभर बसा हात हालवत."

माझ्या मॉडेलमध्ये एक रकाना होता, रुग्णाच्या वेळेची किंमत. औषध फुकट, तपासणी फुकट, म्हणून मी तिथे शून्य भरून मोकळी झाले होते. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं झालं होतं. त्यातली खोड मला दिसलीच नव्हती.

माझी आई शहरातल्या महाल भागात हातमागावर विणायची. मला ताप आला की ती सकाळपासून मला मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसायची, आणि तेवढा दिवस तिचा माग बंद राहायचा. त्या बाईच्या मुलीनं तो शून्य भरला होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. हातून गेलेलं काम धरून हिशेब पुन्हा मांडला, तर वाडीचा फुकट दवाखाना हमालांसाठी आमच्या यादीतला सगळ्यात महाग निघाला. सोमवारी मी नवा अहवाल ठेवला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चुकलं कोण?"

"मी."

"आणि आता बरोबर आहे कशावरून?"

"खात्री नाही, म्हणून तीन महिने मागते. दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ उघडा. सिस्टरची तयारी आहे, मी विचारून आले. लोक आले नाहीत, तर कुलपाच्या कागदावर पहिली सही माझी."

साहेबांनी तीन महिने दिले. कानाला खडा मी त्याच दिवशी लावला: आधी जाऊन पाहायचं, मग गणित. ती सही करायची वेळ आली नाही. पण पहिल्या संध्याकाळी हे कुठे ठाऊक होतं? साडेसहापर्यंत एकही माणूस नाही. मी दारात उभी. पावणेसातला गोदाम सुटलं आणि ते आले. आल्याआल्या, कुणी न सांगता, बाकावर ओळीनं दुपट्टे पडले.

सिस्टरनं पहिला नंबर पुकारला. पुढे कुणीच आलं नाही. खोकणारा तो माणूस नळावर तोंड धुवायला गेला होता. मागच्यानं सवयीनं त्याचा दुपट्टा उचलला आणि शेवटी टाकायला निघाला. सिस्टरनं त्याचा हात धरला.

"इथं नाही. थांबा, येऊन राहिला तो."

मागच्यानं दुपट्टा परत पहिल्या जागी ठेवला. सगळे थांबले. तो बाहीनं तोंड पुसत आत आला, आपला दुपट्टा शोधायला रांगेच्या शेवटी गेला. तिथे दुपट्टा नव्हता. सिस्टरनं थुंकी तपासायची डबी पुढे केली.

"इकडं ये गा," ती म्हणाली, "नंबर तुहाच आहे."