शेवटची पोर उतरेपर्यंत

एकटीच्या घरात मरण आलं की बातमी कोण कोणाला देणार, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, आणि रत्ना अशा बाबतीत पक्की. दूधवाल्याच्या फोनमध्ये तिनं माझा नंबर घालून ठेवला होता. त्यानंच सकाळी मला शेगावला फोन केला. दार वाजवूनही उघडलं नाही, शेजाऱ्यांना बोलावून कडी काढली, मॅडम झोपेतच गेल्या, असं तो एका दमात बोलला आणि मग रडायला लागला. मी त्यालाच समजावत बसले. मला रडू आलं ते बसमध्ये, वरवट बकालच्या अलीकडे, जिथं बस आली की ती नेहमी फोन करून विचारायची, 'कुठंवर आली वं?' त्या दिवशी कोणी विचारलं नाही...

त्याला आता दीड महिना होऊन गेला. दिवेलागणीला फोनकडे बघायची सवय अजून गेलेली नाही. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला, आणि रत्नानं लग्नच केलं नव्हतं. दोघी एकट्या होतो, पण रोज संध्याकाळी फोनवर भांडायला माणूस होतं, त्यामुळे एकटेपण तसं अंगावर येत नव्हतं. लोक म्हणतात, आठवणी सोबत करतात. मला विचाराल तर आठवणी काही चहा पीत नाहीत आणि उलट उत्तरही देत नाहीत.

वरवट बकालजवळच्या एका गावातल्या शाळेत मी मराठी शिकवत असे. रत्ना तिथं खेळाची शिक्षिका म्हणून आली तेव्हा चाळिशीला टेकली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की समोरच्याच्या कानाला झिणझिण्या याव्यात. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. माझ्या निरोप समारंभातही तिनं भाषणात सांगितलं, 'सिंधू चांगली शिकवते, पण फार बोलते.' आमच्या तालुक्यात सव्वीस जानेवारीला शाळाशाळांच्या मनोऱ्यांची स्पर्धा असे. एकमेकींच्या खांद्यावर मुली थर रचत, सगळ्यात वरची पोर झेंडा घेऊन सलामी देई, आणि ज्यांचा मनोरा उंच त्यांची ढाल. रत्नानं मुलींचा संघ बांधला आणि दुसऱ्याच वर्षी ढाल आणली. चार थर! गावानं तिला ट्रॅक्टरवर बसवून मिरवलं. ती ट्रॅक्टरवरही कडक चेहऱ्यानंच बसली होती.

अडचण अशी होती की मनोऱ्यांच्या सरावाचे दिवस आणि कापूस वेचणीचे दिवस एकच. तेव्हा बीटी कपाशी नवीनच आली होती. झाडं बोंडांनी लगडायची, सगळी एकदमच फुटायची, आणि दिवाळीपासून गावात हात पुरेनासे व्हायचे. शाळेतल्या अर्ध्या मुली दिवसभर वाकून वेचणी करायच्या आणि संध्याकाळी सरावाला हजर. खांदे भरून आलेले, पायांत त्राण नाही. रत्नाच्या हे लक्षात आलं तसा तिनं नियम केला, की त्या दिवशी वेचणी करून आलेली मुलगी मनोऱ्यात उभी राहणार नाही. सरावाआधी ती एकेकीची बोटं बघायची. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचून बोटं फाटतात, ती लपत नाहीत. मला तो नियम तेव्हा अगदी शहाणपणाचा वाटला होता. गरिबाच्या बायांना वाटला नाही. वनिता म्हणून दुसऱ्या थरातली एक भक्कम मुलगी होती, तिची आई शाळेच्या फाटकात येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, 'गरिबाच्याच पोरी काऊन दिसतात मॅडमले?'

त्या वर्षी डिसेंबरात एकाएकी मुलींच्या हातावर मेंदी दिसू लागली. नुसती बोटं रंगवलेली, पेरापर्यंत, गडद. गावात लग्नसराई होतीच. रत्नानं चिडवलंही, की कोणाच्या वरातीत नाचून आल्या गं सगळ्या. मुली हसल्या. रंगलेल्या बोटांवर फाटलेलं काही दिसेना आणि सराव पुन्हा चौथ्या थरापर्यंत गेला...

ज्या संध्याकाळी ते झालं, त्या संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला वह्या तपासत बसले होते. वर नसीम होती, आमच्या करीमचाचाची मुलगी. करीमचाचा गावातले पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचे. नसीम अंगानं चिमणीएवढी आणि भीती म्हणून ठाऊक नाही. तिनं वर उभं राहून सलामी दिली, शिट्टी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खाली झेलायला उभ्या केलेल्या मुलींनीही वाजवल्या. मनोरा चढून झाला म्हणजे झालाच, असं आम्ही सगळेच समजायचो. नसीम उतरायला लागली आणि वनिताचा खांदा सुटला. झेलणाऱ्यांचे हात टाळीत होते. नसीम कोरड्या मातीवर पडली. कोपराजवळ हात असा वळला होता की मी पुढचे कितीतरी दिवस डोळे मिटले की तोच बघत होते.

शेगावच्या दवाखान्यात हात बसवला. बाहेरच्या बाकावर वनिता स्वतःची बोटं ओढणीत लपवून बसली होती. रत्नानं ती ओढणी बाजूला केली, मेंदीच्या खालची चिरलेली बोटं बघितली. वनिता सकाळपासून वेचत होती. मला वाटलं, आता ही पोरीला फाडून खाणार. पण रत्ना माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पोरीनं लबाडी नाही केली वं सिंधू. म्या नियमच असा केला, का खरं बोलनारी बाहेर बसते."

हे वाक्य मला तेव्हा पुरतं समजलं नव्हतं. तिला मात्र त्यानंतर दुसरं काही सुचलंच नाही. आधी तिनं मनोरा बंदच करायचं ठरवलं होतं. तेव्हा करीमचाचा तिच्या घरी आले, मी तिथंच होते. मला वाटलं भांडायला आले. ते दारातच उभे राहिले. "मॅडम, गाद्या म्या भरून देतो. मनोरा बंद नका करू. पोरगी घरी रडून राह्यली, हातासाठी नाही, तुम्ही बंद करता म्हनून." मग प्रत्येक मुलीनं घरून ओंजळ-दोन ओंजळ कापूस आणला, आणि चाचांनी जाड खादीत चार गाद्या अशा ठासून भरल्या की उचलायला आम्हा सगळ्यांना हात लावावा लागायचा.

रत्नानं बोटं बघणं सोडलं. नवा नियम असा, की थकलेली आहे असं जी सांगेल तिला संघातून काढायचं नाही. त्या दिवशी ती झेलायला उभी राहील आणि मनोरा एक थर कमी होईल. एरवीही थर तीनच, चौथा नाही. आणि शिट्टी पोर वर गेल्यावर वाजायची नाही, तर शेवटच्या पोरीचे पाय जमिनीला लागल्यावर. तोवर झेलणाऱ्यांनी टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, वरच्या पोरीवरून नजर काढायची नाही. वनिताला रविवारचा सराव मिळावा म्हणून रत्ना स्वतः तिच्या वाटची ओळ वेचायलाही गेली होती. इतकं वाईट वेचलं की वनिताच्या आईनंच तिला हात जोडून परत पाठवलं आणि पोरीला सुट्टी दिली. बाया कितीतरी दिवस ते आठवून हसायच्या. त्या एका हसण्यानं फाटकातली कटुता निघून गेली असं मला वाटतं.

पण ढाल गेली ती गेलीच. इतर शाळा चार-चार, एकदा तर पाच थर लावायच्या आणि आमच्या तीन थरांना लोक 'मॅडमचा ओटा' म्हणायचे. मुख्याध्यापक तोंड पाडून परत यायचे. दरवर्षी स्पर्धेआधी परीक्षकांची बैठक व्हायची आणि दरवर्षी रत्ना तिथं उभी राहून सांगायची, की थर तीनच्या वर नको, गादी हवीच, आणि अर्धे गुण उतरण्याला द्या. एकदा मी सोबत होते. एक परीक्षक हसून म्हणाले, मॅडम, मनोरा हा चढण्यासाठी असतो.

"मंग पोरी वरतीच ठेवा ना," रत्ना म्हणाली.

कोणी हसलं नाही, कोणी मानलंही नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर सगळी वेचून झालेली कपाशीची पऱ्हाटी उभी होती. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की या बाईला एकच गोष्ट हवी आहे आणि त्या गोष्टीपायी ती हळूहळू सगळ्यांपासून तुटत चाललीय. गावाला ढाल हवी होती. शाळेला नाव हवं होतं. मुलींच्या पुढच्या तुकड्यांनी नसीमला पडताना पाहिलंच नव्हतं, त्यांना आमची मॅडम भित्री वाटायची. सरावानंतर सगळ्या निघून गेल्या की ती एकटी त्या गाद्या ओढत खोलीत न्यायची. मी मदतीला गेले तर म्हणायची, तू वह्या तपास.

पुढे कुठल्याशा दुसऱ्या गावात अशीच एक मुलगी पडली, पालकांनी आरडाओरडा केला, आणि नियम बदलले. तीन थर, गाद्या, उतरण्याला वेगळे गुण. वरून आलेला नियम म्हणून वाचून दाखवला गेला. रत्ना त्याच्या आदल्या वर्षीच निवृत्त झाली होती. मी तावातावानं फोन केला, की अगं तुझं नाव तरी घ्यायचं कोणी! ती म्हणाली, "पोरी उतरून राह्यल्या ना? मंग झालं." आणि फोन ठेवला. मला तेव्हा तिचा राग आला. आजही येतो. तिला वाईट वाटलं होतं, मला ठाऊक आहे. त्या दिवशी दिवेलागणीला तिचा फोन आला नाही.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला मी मुद्दाम गेले, तिच्या माघारी. मैदानावर ओळखीचं कोणी नव्हतं. नवे शिक्षक, नवे मुख्याध्यापक, मुलींचे नवे निळे पोशाख. आमच्या शाळेच्या मुलींनी तीन थर रचले. वरच्या पोरीनं झेंडा धरून सलामी दिली आणि मला एकदम सगळं अनावर झालं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. मी कडेनं पुढे गेले. हात वर करून झेलायला उभी असलेली एक मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची, तिच्याजवळ वाकून म्हटलं, बाळा, हे असं उभं राहायला कोणी लावलं ठाऊक आहे का तुला? आमच्या रत्ना मॅडम होत्या...

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर वर, हात तसेच.

"आजी, आता बोलू नका," ती म्हणाली, "वरची उतरून राह्यली."

मी गप्प झाले. तिथंच तिच्या शेजारी उभी राहिले आणि मीही वर बघत राहिले.