दारातली वर्गणी

संध्याकाळी शेवंतामावशी गॅलरीतून फिरू लागली की करी रोडच्या आमच्या चाळीत बायका पदराआधी बादली सावरायच्या. प्रत्येक दाराशी लाल पट्टा मारलेली एक बादली असे. मावशी वाकून बघणार आणि ती काठोकाठ भरलेली नसली तर दार वाजवणार. आत कोण जेवतंय, कोण झोपलंय, याचं तिला सोयरसुतक नसे.

मावशी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती आणि चाळीच्या आगपथकाची खजिनदारही. पथक म्हणजे सात-आठ हौशी माणसं, एक हातपंप आणि ठिगळं लावलेला पाइप. आमच्या अरुंद गल्लीत बंब शिरेपर्यंत लाकडी जिन्यांचं काय उरणार, म्हणून हा खटाटोप. दरमहा घरटी वर्गणी जमायची; त्यातून नवा पाइप घ्यायचा होता.

मग संप झाला. पगार थांबले, वर्गणी आटली. सभेत कुणीतरी म्हणालं, "पाइपाच्या फंडातून धान्य घ्या आणि पथक गुंडाळा."

मावशी ताडकन उठली. "धान्य घेवा. पोरांक उपाशी ठेवन माका पाइप नको. पण पथक मोडूचा नाय! पैसे नाय तर बादलीभर पाणी देवा. आग काय नोटांनी विझता?"

नळ यायचा सकाळी तासभर. त्यातली एक बादली बाजूला ठेवणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं. शेजारच्या गणपतने एकदा त्या बादलीतल्या पाण्याने पाय धुतले. "मेल्या, चाळीचा पाणी पायावर ओतलंस?" म्हणत मावशीने बादली भरून आणायला त्याला पलीकडच्या गल्लीतल्या विहिरीवर पिटाळलं. तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

पुढे दुसऱ्या मजल्यावर स्टोव्हने पडदा पेटला, पडद्याने छत. पाइप ऐन वेळी ठिगळावरच फाटला. आग विझली ती दारोदारच्या बादल्यांनी. आम्ही धापा टाकत बसलो होतो, तर मावशी म्हणाली, "बसतास काय? उद्या नळ इलो की पयली हीच भरा."

गिरणी काही पुन्हा उघडली नाही. मावशी घरोघर पोळ्या लाटू लागली, पण संध्याकाळची फेरी तिने चुकवली नाही. तिच्या हट्टाचा आम्हाला वैताग यायचा, आणि तिच्या जिवावरच आम्ही निर्धास्त झोपायचो.

ती गेली ती भर दुपारी. अंघोळ घालायला पाणी हवं होतं. नळ कोरडा, पिंपं रिकामी. कुणाचा तरी हात तिच्याच दारातल्या बादलीकडे गेला.

"थांबा." जन्मभर तिच्यापुढे तोंड न उघडलेले तिचे यजमान उंबऱ्यात उभे होते. "त्या पाण्याक हात लावू नकात. ती आमची वर्गणी आसा."

गणपतने दोन कळशा उचलल्या आणि तो विहिरीकडे निघाला.