धागा जाळून बघणारा शेजारी

आमच्या मजल्यावरचे हे गृहस्थ राहनाळच्या एका कापडाच्या गोदामात चेकिंगला आहेत. बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचा सुटलेला धागा ओढतात आणि लायटरवर धरतात. राख झाली तर "कॉटन हाय." गोळी झाली तर "नकली हाय मास्तर, फसवलं तुमाला." माझे निम्मे शर्ट त्यांनी असेच निकालात काढलेत.

दुसरा नाद एका जुन्या विलायती भयकथेचा. बर्फातून निघालेला प्राणी माणसं गिळतो आणि हुबेहूब त्यांचंच रूप घेतो. त्या कथेवरचे सगळे सिनेमे त्यांनी मोबाइलवर पाहिलेत. त्यात तापलेली तार रक्ताला लावून खरा माणूस ओळखतात, तो भाग सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. "आपल्या चेकिंगसारखंच हाय बघा." मी हसायचो.

परवा त्यांची बायको, आमच्या वहिनी, आमचा डबा परत करायला आल्या. बोटांच्या टोकांवर टोचल्याचे, भाजल्याचे काळे ठिपके होते.

"शुगर तपासताय का वहिनी?"

"न्हाय ओ. माहेरून आले तवापासून ह्यांना वाटतं, मी दुसरीच कोण हाय. रोज सुई तापवतात."

"आणि तुम्ही बोट पुढे करता?"

"केलं की जेवतात तरी."

तेवढ्यात त्यांच्या घरातून गृहस्थांचा तोच खाली आलेला आवाज आला, "कोण हाय तिकडं?"

"मीच हाय," वहिनी म्हणाल्या.

आत लायटर पेटल्याचा आवाज झाला.